सात नंबरची शिलाई

"आता काय, बायकांचेच दिवस," कटिंगवाला माझ्या मागे उभा राहून पुटपुटला. स्वतःशीच, पण मला ऐकू जाईल इतपत. "मॅडम स्वतः बाई, मुकादमही बाईच करणार. आपण पुठ्ठे वाहायचे."

"तीस वर्षं मुकादम पुरुषच होता. तेव्हा तुला कोणी पालखीत बसवलं होतं?" मी सुई ओवता ओवता विचारलं.

"तेव्हा निदान संशय तरी नव्हता."

त्या आठवड्यात आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात खळीपेक्षा संशयच जास्त चिकटत होता. जुना मुकादम निवृत्त झाला होता. मॅडमनी, म्हणजे मालकांच्या मुलीने, सांगितलं की ज्याला ती जागा हवी त्याने घरून एक पुस्तक शिवून आणावं. वर नाव नाही, नुसता नंबर. कोणता नंबर कोणाचा, ते बंद पाकिटात. पुरुष म्हणाले, हे नाटक आहे, बाईच येणार. आम्ही बायका म्हणालो, हे नाटक आहे, पुरुषच येणार. नाटक आहे, एवढ्यावर मात्र कारखान्याचं कधी नव्हे ते एकमत झालं.

आमची सगळी भिस्त वहिनींवर होती. वहिनी आणि दादा, नवरा-बायको, वीस वर्षं शेजारशेजारच्या टेबलांवर. वहिनी डावखुऱ्या. त्यांनी शिवलेलं पुस्तक उघडून ठेवलं की पाळलेल्या मांजरासारखं पसरून पडतं, मिटायचं नाव घेत नाही.

शनिवारी पुस्तकं मांडली. मॅडमनी एकेकाचा कणा अंगठ्याने दाबून पाहिला आणि सात नंबर बाजूला काढला. पाकीट फोडलं.

"दादा."

पुरुषांचे चेहरे सैल झाले. शेजारणीने मला कोपर मारलं. "बघितलंस? बाप्यांना खूश ठेवायचंय तिला."

मी सात नंबर हातात घेतला. शेवटची पानं उघडली, तर आतली गाठ डावीकडे झुकलेली. आमच्या सगळ्यांच्या गाठी उजवीकडे पडतात. मग तीन नंबर पाहिला. टाके ढिले, दोरा लोंबतोय, पहिल्या दिवशीची पोर बरी, असली शिलाई. पाकिटात तीन नंबरपुढे वहिनींचं नाव.

मी वहिनींकडे पाहिलं. त्या खळीच्या भांड्यात बघत होत्या.

मुकादमाला सुई धरावी लागत नाही. फिरायचं, बोलायचं, झालं. टेबलावर बसणाऱ्याला मात्र हात लागतो.

दोन वर्षं वहिनी जेवणाच्या सुट्टीत "माझं थोडं राहिलंय" म्हणत बसायच्या, तेही दादांच्या टेबलावर. कटिंगवाला दादांचा चहा अर्धाच भरायचा. मी त्यांच्या सुया ओवून द्यायचे आणि वर म्हणायचे, दादा, चष्म्याचा नंबर वाढला तुमचा. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणालाच काही ठाऊक नव्हतं.

"वहिनी, तुमचं असं कसं झालं?" मॅडमनी विचारलं. "मला वाटलं होतं, तुम्हीच."

"मन नव्हतं लागत."

"बरं. दादा, या घ्या गोदामाच्या चाव्या."

दादांनी खिशातून हात काढला नाही. मॅडमचा हात तसाच हवेत.

"माझ्याकडे द्या," वहिनी पुढे झाल्या. "हे कुठेतरी विसरतील."

"अहो वहिनी, मुकादम कोण, तुम्ही की ते?" मॅडम हसल्या. दुसरं कोणी हसलं नाही.

"घे ना दादा," कटिंगवाला हळूच म्हणाला. त्याला आपला माणूस हवा होता, आणि आता तोच खाली बघत होता.

दादांनी हात काढला. जुडगा हातात आला आणि वाजायला लागला. कटिंग मशीन बंद होतं, त्यामुळे तेवढाच आवाज. आम्ही आपापल्या चपला बघत होतो.

दादांनी जुडगा टेबलावर, वहिनींच्या पुढ्यात ठेवला. आवाज थांबला.

"सात नंबर हिचं आहे, मॅडम," ते म्हणाले. "माझा हात दोन वर्षं चालत नाही. माझं सगळं काम हीच करते."