नकाशाबाहेरचा ठोका

"मोडतेच आता हिला! मग बघू, कशानं ठोकतेस ते!"

"मोड की. छडी मोडून भूगोल बदलत असता, तर लोकांनी रणगाडे कशाला बनवले असते?"

मी छडी बोलतेय. नकाशा दाखवायची, लांब, सडपातळ, पितळी टोकाची. ही मोडामोडीची भाषा माझ्याबद्दलच चालली होती. त्या दुपारी मी मावशीच्या भाचीच्या गुडघ्यावर आडवी होते. माझी दोन्ही टोकं तिच्या दोन मुठींत होती, आणि ही पोरगी नुसती धमकी देऊन थांबणाऱ्यांतली नव्हे. मावशी मात्र शिलाई मशीनवरून उठलीसुद्धा नाही. पायाखालचं पॅडल चालूच.

"मावशी, विनोद नको! उद्या सकाळी तोंडी परीक्षा आहे. शेवटची संधी. यात गेले तर शिष्यवृत्ती गेली, तिथलं शिक्षण गेलं, पोलंड गेला!"

"पोलंड कसला जातोय? तो याआधीही जाऊन परत आलाय."

आता एवढं ऐकलंत, तर सगळं ऐका. अर्धवट ऐकून मत देणाऱ्यांचा मला लहानपणापासून तिटकारा आहे.

माझा जन्म एका खुर्चीतून झाला. सुतारानं खुर्चीच्या पाठीला लावलेल्या काड्यांत मी एक जास्तीची निघाले. त्यानं मला घासलं, पॉलिश दिलं, टोकाला पितळ बसवलं आणि शाळेला विकलं. तिथं मला मारायलाही वापरलं. ती हौस माझी नव्हती, मास्तरांची होती. पण दाखवायचं काम मी मनापासून केलं. अक्षर मला येत नाही. टोकानं मात्र सगळं कळतं. नदी कुठं वळते, डोंगराचा रंग कुठं जाड बसलाय, सरहद्दीची रेघ कुठं दोनदा छापलीय, हे मला विचारा. कुणी शिकवलं नाही, माझं मी शिकले, आणि सांगताना मान खाली घालत नाही.

शाळा बंद पडली तेव्हा मी आणि पोलंडचा एक जुना नकाशा एकत्रच भंगारात गेलो. जाड कापडावर चिकटवलेला, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला नकाशा. तिथून आम्हाला मावशीनं आणलं, तेही एका कोटापायी.

मावशी कपडे दुरुस्त करते. सैल घट्ट करायचे, घट्ट सैल करायचे, कुणाचे आखूड, कुणाचे लांब. एकदा तिच्याकडे एक म्हातारा कोट अस्तर बदलायला आला. आतल्या पट्टीवर शिंप्याचं नाव, गावाचं नाव ल्वुव, देश पोलंड. मावशीला कोणत्या गावी कशी टीप घालतात याची भारी चौकशी. तिनं नकाशाच्या पुस्तकात पोलंड उघडला. वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. त्या देशात ते गाव नव्हतंच. आणि कोटवाला तो कोट न्यायला परत आला नाही.

दुसरी कुणी असती तर कोट विकून मोकळी झाली असती. मावशीला रात्रंदिवस तेच. "अख्खं गाव जातं कुठं? सुई आहे का हरवायला?" वाचनालयातून पुस्तकं आणून, अडेल तिथं शब्दकोश उघडून, तिनं तो देश शिकून काढला. भाची तेव्हा चिमुरडी, मावशीची बहीण वारली तिच्यामागे राहिलेली. कापडाच्या ढिगाऱ्यावर बसून तीही शिकली.

"हे बघ बाळ," मावशी मला फिरवत सांगायची, "वर बाल्टिक समुद्र, खाली डोंगर, आणि दोन्ही बाजूंना नुसतं सपाट मैदान. दारं नसलेलं घर. शेजारच्या तिघांनी याचे वाटे करून खाल्ले. शंभरावर वर्षं हा देश नकाशावर नव्हता. माणसं होती, भाषा होती, देश नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर उगवला, दुसऱ्यात पुन्हा दोन्हीकडून फौजा शिरल्या. राजधानी वॉर्सा जमीनदोस्त केली. नंतर लोकांनी जुनी चित्रं बघून तशीच्या तशी उभारली. तिथलं जुनं शहर माझ्याच वयाचं आहे, आणि माझ्यापेक्षा बरं दिसतं."

"मग ल्वुव कुठं गेलं?"

"गाव जागेवरच आहे. देश सरकला. युद्ध जिंकलेल्यांनी टेबलावर बसून पूर्वेकडून आत घेतला आणि पश्चिमेकडून सोडला. कोट करतो ना आपण तसा."

आणि जे सांगितलं ते मावशीनं करूनही दाखवलं. चुकीचं माप तिला घरात खपत नाही. तिनं मोठी कात्री घेतली आणि जुन्या नकाशाचा पूर्वेकडचा भाग कापला. पश्चिमेला दुसऱ्या नकाशातला जर्मनीचा तुकडा आणून पक्की टीप मारली. मी तेव्हा दारामागे उभी होते. कात्रीचा आवाज मला अजून आठवतो. कापड कापताना असा आवाज येत नाही.

कापलेला भाग तिनं फेकला नाही. कडक, खळ दिलेलं कापड. गिऱ्हाइकांच्या कोटांच्या कॉलरींत आतून घालायला छान. म्हणजे गावंच्या गावं गळ्याभोवती घालून लोक रस्त्यानं फिरतात, आणि मान अवघडली की बिचारे उशीला दोष देतात.

पुढचा धडा मात्र असा व्हायचा. मावशी मला धरून क्राकूफ शहरापासून पूर्वेला न्यायची. काठावरची दुमड यायची. मग मी नकाशाच्या बाहेर, कोऱ्या भिंतीवर. तिथं ती माझ्या टोकानं दोन ठोके द्यायची. टक्, टक्. "हे ल्वुव. हे इथं होतं." मग थांबायची. मशीन बंद, पंखा बंद. थोडा वेळ दोघीही मान कलती करून राहायच्या आणि मगच मावशी पश्चिमेला वळायची. "इथली माणसं गाड्यांत भरून तिकडं व्रोत्सवाफला नेली. तिथल्या जर्मनांना आधीच हुसकावत होते. घरं उभीच होती. चादरींवर दुसऱ्यांची आद्याक्षरं, कपांना दुसऱ्यांच्या ओठांची सवय." हा धडा असाच, दर वेळी. ठोके दिल्याशिवाय पश्चिमेला जायचं नाही, हा तिचा नियम.

भिंतीवर तिथं डाग पडला. रंगारी आला, दोन हात मारून गेला. डाग पुन्हा वर. मावशी म्हणाली, ओल असेल. ऐन उन्हाळ्यात कसली ओल? मी टोकानं तपासलं. तो डाग कोमट होता.

मग एकदा उत्तर आलं.

टक्, टक्. आतून. माझ्या टोकातून वर, मुठीपर्यंत. मला वाटलं, शेजारी खिळा ठोकत असतील. पण त्या बाजूला आम्हाला शेजारच नाही. भिंतीपलीकडे नुसती हवा, आणि पार खाली सायकल दुरुस्तीचं दुकान. भिंतीला कान असतात म्हणतात. असोत बापडे. हात कुठून आले?

मी मावशीकडे पाहिलं. ती मान कलती करून उभी. भाचीकडे पाहिलं. तिचीही मान कलती, आणि हातातली बटणं घट्ट धरलेली. त्यानंतर दर धड्याला तसंच. कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. घराघरांत अशी एकेक गोष्ट असते. सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी बोलत नाही. मीही तेच समजून चालले.

पोरगी मोठी झाली, त्याच देशाचा इतिहास-भूगोल घेऊन शिकली, आणि तिथं पुढं शिकायच्या शिष्यवृत्तीला बसली. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत नापास झाली. कारण विचारलं तर "जमलं नाही" एवढंच. त्या दुपारी मावशीनं उजळणी म्हणून मला पुढं केलं, "चल, आधी ल्वुव," म्हणाली, आणि भडका उडाला. तिथंच तुम्ही आत आलात.

"सांगू का मी गेल्या वेळी का नापास झाले?" भाची म्हणाली. माझ्या लाकडाची नस न् नस ताणली गेली. "त्यांनी छडी हातात दिली. पूर्वेची सरहद्द दाखवा म्हणाले. मी दाखवली. आणि हात थांबेना! काठ ओलांडून गेला. परीक्षकांच्या देखत मी भिंतीवर दोन ठोके दिले आणि मान कलती करून उभी राहिले. वेड्यासारखी! एक जण हसला. एकीनं विचारलं, बरं वाटत नाहीये का?"

मावशीचं पॅडल थांबलं.

"मग?"

"मग काय! तुझ्या सवयीनं माझं वाटोळं केलं."

"दोन ठोके दिलेस म्हणून कुणी नापास करत नाही. सॉरी म्हणायचं आणि पुढं जायचं."

"जाणार होते! तेवढ्यात उत्तर आलं!" पोरीचा आवाज फाटला. "तिथं तुझी भिंत नव्हती, मावशी. तुझी ही छडी नव्हती. तिथली छडी लोखंडी होती, घडी होणारी. पलीकडे रिकामा व्हरांडा, दार उघडं, मला दिसत होता. तरी आलं. टक्, टक्. आणि नंतर तिसरा. आपल्याकडे कधी तिसरा येत नाही! माझ्या तोंडातून एक शब्द फुटेना. उद्या पुन्हा आलं तर? आणि पास झालेच तर तिथं, त्या गावांत, त्या घरांत कशी राहू मी? आपण दोघी इतकी वर्षं ते ऐकतोय आणि तू एकदाही म्हणाली नाहीस की हे काय आहे म्हणून! लहान होते मी. विचारायला हवं होतंस. तू मोठी होतीस!"

मावशी उठली. खांद्यावरची टेप काढून मशीनवर ठेवली. भाचीसमोर येऊन जमिनीवर बसली, आणि मला धरलेल्या त्या मुठींवर तिनं आपले हात ठेवले. सुईनं खरबरीत झालेले हात. गार पडले होते.

मग ती जे बोलली त्यावर भांडण मिटलं. ते सांगण्याआधी माझं आजचं सांगून घेते, कारण त्यानंतर माझ्याकडे बोलण्यासारखं काही उरत नाही.

मी मोडले नाही. मधोमध एक बारीक चीर आहे, मावशीनं तिच्यावर दोरा गुंडाळलाय. पोरगी पास झाली. व्रोत्सवाफला एका जुन्या इमारतीत खोली घेऊन राहते. फोन करते, थंडीचं सांगते, अभ्यासाचं सांगते, भिंतींचं काही सांगत नाही. मावशी विचारत नाही. आता तिच्याकडे शिकायला कुणी नाही, तरी दुपारी हातातलं काम टाकून ती मला घेते, काठाबाहेर नेते, ठोके देते आणि भिंतीला कान लावून उभी राहते. डाग आता मावशीच्या मुठीएवढा झालाय. मी म्हातारी झाले, पण टोक शाबूत आहे, आणि त्या टोकाला जे कळतं ते खोटं नसतं.

तुमच्या हातात कधी कुणी छडी दिली, तर माझं एवढं ऐका. देशाच्या मध्यावर हवी तशी फिरवा. काठापाशी मात्र सावकाश न्या. तिथं कापलेलं असतं.

तर त्या दुपारी मावशीनं भाचीच्या मुठी हळूहळू सोडवल्या, मला बाजूला ठेवलं, आणि म्हणाली, "अगं, मला त्या भिंतीतून आजवर काहीच ऐकू आलेलं नाही, तू मान कलती करून काहीतरी ऐकत असायचीस, म्हणून मी आपली तुझ्यासारखीच मान करून थांबत होते."