आमच्या शिवेत परत येशील का?

मी एक जुना बॅरिकेड आहे. लोखंडी, पिवळा, दोन चाकांचा. चाकं मुळात चार होती. मित्रांनो, मी वैतागलो आहे. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा सूर चढला तर तुम्ही दचकणार नाही.

जन्म. तळेगावच्या बाजूला, एका वेल्डिंगच्या शेडमध्ये. पाइप कापले, जोडले, रंग मारला. संपला जन्म.

माझ्या पोटावर पत्रा आहे. त्याच्या एका बाजूला 'पोलीस' असं लिहिलं आहे. दुसऱ्या बाजूला, ज्याने माझा खर्च दिला त्या चिक्कीवाल्याची जाहिरात:

थांबा! चिक्की घ्या, मगच पुढे जा.

नोकरी. लोणावळ्यात. शनिवारी-रविवारी धरणाकडे जाणाऱ्या गाड्या अडवायच्या. गाडीतला माणूस काच खाली करून म्हणायचा, "अहो, आमचं बुकिंग आहे." हवालदार हौशीराम म्हणायचा, "आमचंपण आहे, दिवसभर उन्हात." मग कुणाचा तरी ओळखीचा फोन यायचा आणि मला बाजूला सरकवलं जायचं. पुन्हा लावायचं. पुन्हा फोन. माझी दोन चाकं या फोनांनी खाल्ली.

कौतुक. ते पुढे येईल. एकदाच आलं आहे, पटकन संपेल.

आता ज्यासाठी तोंड उघडलं ते.

कामशेतहून पवनेकडे जाताना एक फाटा लागतो. त्या फाट्याला, डोंगराच्या अंगाला करवंदवाडी आहे. ठाकर आदिवासींची वाडी. वाडीच्या वर माळ आहे, तिथे वाडीची गुरं चरतात, आणि माळाच्या मधोमध वाघोबाचा दगड आहे. बंगल्यांचे प्लॉट पाडणारी एक कंपनी म्हणते, माळ आम्ही विकत घेतला. वाडी म्हणते, वहिवाट आमची, तर विकला कुणी? कंपनीने कुंपणाच्या खांबांसाठी खड्डे खणले, तेव्हा वाडीची माणसं एकेका खड्ड्यात एकेक जाऊन बसली. खांब रोवता येईनात.

सरकारने काय केलं? जमावबंदी लावली.

एका खड्ड्यात एकच माणूस असेल तर त्याचा जमाव कसा होतो, असं वाडीतल्या रूपाने फौजदारांना विचारलं. उत्तर म्हणून तिला नोटीस मिळाली.

मग ठरलं, मंडल अधिकारी येऊन स्थळपाहणी करतील. माळावर वाडीची वहिवाट दिसली तर कुंपण थांबेल. नाही दिसली तर होईल. दिवस नेमला तो नेमका वाघबारशीचा, दिवाळीच्या तोंडावरचा. त्या दिवशी अख्खी वाडी गुरांसकट माळावर जाते, वाघोबाला शेंदूर लावते, खिरीचा नैवेद्य दाखवते. म्हातारा गुराखी बहिरूआबा खूश होता. "लय बेस झालं. सायेब डोळ्यानं बगंल. आपुन बोलायचंच न्हाई."

आणि साहेबांच्या पाहणीला बंदोबस्त हवा, म्हणून टेम्पोतून आणून मला माळाच्या वाटेवर आडवं लावलं. पहाऱ्याला सोबत हौशीराम.

मित्रांनो, नीट समजून घ्या, कारण मला अजून समजलेलं नाही. माळावर लोक येतात का, हे बघायला साहेब येणार. आणि साहेब येणार म्हणून लोकांनी माळावर यायचं नाही.

सकाळी साहेबांची जीप वर गेली. तिच्या मागोमाग वाडी आली. पुढे गंगीमावशी, डोक्यावर खिरीचं पातेलं. मागे बहिरूआबा, गुरं, बायामाणसं, कडेवरची पोरं. माझी चिक्कीची बाजू त्यांच्याकडे होती.

थांबा! चिक्की घ्या, मगच पुढे जा.

"काय लिव्हलंय गं?" गंगीमावशीने रूपाला विचारलं. रूपा तिची सून.

"चिक्की घ्या म्हनतंय, मंग जा."

"घेतली असती की. दात कुटं हायत?"

सगळे हसले. हौशीरामही हसला, तोंड फिरवून. मग म्हणाला, "मावशी, वर सोडायचा हुकूम नाही. साहेब खाली आले की जा."

"सायेब खाली आल्यावर आमाला बगणार कोन, वाघ?" रूपा म्हणाली.

हौशीराम माझी उरलेली दोन चाकं तपासू लागला.

ऊन चढलं. गुरं कंटाळली. गंगीमावशीने पातेलं खाली ठेवलं, कमरेची पुडी सोडली आणि माझ्या पत्र्यावर, नेमकी 'चिक्की' शब्दावर, शेंदराची पाच बोटं ओढली.

"अहो मावशी, सरकारी वस्तू आहे!"

"असंल. वाघ वाटंत आडवा बसला, तर त्याला हाकलायचं न्हाई. बसलाय तितंच निवद द्यायचा. मंग त्यो आपसूक वाट देतो."

तिने पळसाच्या पानावर खीर वाढली, माझ्यापुढे ठेवली, हात जोडले. हेच ते कौतुक. माझ्या आयुष्यातलं एकुलतं एक.

दुपारी जीप खाली आली, माझ्या पलीकडे थांबली. साहेब कागद घेऊन उतरले. पाहणीच्या कागदावर दोन स्थानिक पंचांच्या सह्या लागतात. एक सही कंपनीच्या चौकीदाराने वर केली होती. दुसरा पंच वर कुठून मिळणार? स्थानिक सगळे माझ्यापाशी अडलेले.

"आबा, इथे सही करा." साहेबांनी कागद माझ्या वरच्या नळीवरून पुढे केला.

"रूपे, वाच."

रूपाने मोठ्याने वाचलं. "पाहणीवेळी सदर माळावर कोणीही इसम अथवा जनावर आढळले नाही. वहिवाट दिसून येत नाही."

बहिरूआबाने मुंडासं मागे सारलं. "म्हंजी मी हितं येत न्हाई, आसं मीच लिवून द्यायचं?"

"जे दिसलं ते लिहिलंय, आबा."

"तुमी आडवलं म्हून आलो न्हाई, तेबी लिवा की मंग."

"त्याला रकाना नाही."

रकाना नाही! अहो, मी छातीइतका उंच, पिवळाजर्द, अंधारात चमकणारी पट्टी लावलेला, तुमच्या कोपराला टेकलेला! तुमच्या कागदाला माझा आधार चालतो. माझं नाव चालत नाही.

"करतो सही," बहिरूआबा म्हणाला. "पन पंचानं जागा बगाया लागती ना? मला दगडापाशी न्या."

साहेबांनी कागदावरची रिकामी जागा पाहिली. दुसरी सही नसेल तर पाहणी वाया. "चला. पण एकट्यानेच."

"एकटाच. आन गुरं. गुरास्नी कुटं जमावबंदी हाय?"

साहेब हौशीरामकडे वळले. "हवालदार, सरकवा तो बॅरिकेड."

हौशीरामने हात पुढे केला आणि मागे घेतला. "साहेब, शेंदूर लागलाय."

"मग?"

"देव झालाय, साहेब. असा नाही उचलता येत."

"मग कसा उचलतात?" साहेबांनी कपाळाला हात लावला.

"इचारावं लागतं," बहिरूआबा म्हणाला.

वाघबारशीला दगडाच्या मागे एक जण वाघ होऊन बसतो. गुराखी पुढून विचारतो, वाघ मागून उत्तर देतो. तो शब्द मिळाला की वाघ शिवेबाहेर गेला असं समजतात. बहिरूआबा माझ्यासमोर उभा राहिला आणि सगळा माळ ऐकेल असा ओरडला:

"आमच्या शिवंत परत येशील का रं?"

माझ्या मागे कोण होतं? हौशीराम. मूळचा जुन्नरकडच्या डोंगरातला. लहानपणी कितीदा वाघ झाला असेल, कोण जाणे. त्याने विचार केला नाही. खाकीतून खणखणीत आवाज आला:

"न्हाई येनार, बा, न्हाई येनार!"

आधी गंगीमावशी हसली, मग सगळी वाडी. हौशीराम ओशाळला, पण शब्द गेला तो गेला. त्याने माझं एक टोक धरलं, रूपाने दुसरं, आणि मी कडेच्या गवतात आडवा झालो. साहेब "एकट्यानेच" म्हणेपर्यंत गुरं निघाली होती आणि गुरांमागे वाडी. गुरांना दगडाची वाट दाखवावी लागली नाही. साहेब कागद सांभाळत मागून. सही हवी होती ना!

गवतातून दगड दिसत नाही. मला फक्त घुंगरं ऐकू आली, आणि गंगीमावशीचा आवाज. "नगं म्हनू नये, सायेब. वाघाचा परसाद हाय."

साहेब खाली आले तेव्हा मिशीला खीर होती. 'आढळले नाही' ही ओळ खोडली होती. खाली नवी ओळ होती. रूपाने ती वाचून दाखवली, म्हणून मला कळली: 'फेरपाहणी करावी.'

आढळले, असं नाही लिहिलं. वाडीच्या गाईच्या दुधाची खीर खाऊन माणूस लिहितो फेरपाहणी! तरी बहिरूआबाने त्या ओळीखाली सही केली. तोवर कुंपण थांबणार होतं.

उपेक्षा. आता मी पोलीस ठाण्यामागे जुन्या टायरांना टेकून असतो. फेरपाहणीचा दिवस ठरला तेव्हा कुणीतरी म्हणालं, हाच बॅरिकेड वाडीला टाका. हौशीराम म्हणाला, "हा नको. याने शब्द दिलाय." मग नवा काढला. प्लॅस्टिकचा, चारही चाकं असलेला. होय मित्रांनो, पुन्हा बंदोबस्त. पुन्हा त्याच वाटेवर.

अशा वेळी जुनी वस्तू म्हणते, मला जपा. मला जपू नका. गंज चढू दे. तुमच्यातलं कुणी उद्या साहेब होईल आणि बॅरिकेड कुठे लावायचा ते सांगेल. त्याने आधी वाटेच्या दोन्ही टोकांना पायी जाऊन यावं. आणि कागदात एक रकाना ठेवावा: कुणी अडवलं होतं?

कामशेतच्या बाजारात हौशीरामला गंगीमावशी भेटली. त्याने खाली मान घालून नव्या बॅरिकेडचं सांगितलं. ती काय म्हणाली, ते तो परवा ठाण्यामागे चहा पिताना दुसऱ्या शिपायाला सांगत होता.

"आनू द्या की. शेंदूर लय हाय."