वेशीच्या आत

विमान थांबलं, पट्टे सुटले, माणसं डोक्यावरच्या बॅगांशी झटापट करू लागली. नामदेव मात्र हलेना. खिडकीकडे पाठ फिरवून, पुढच्या खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून तो बसून राहिला.

"उठा ना वो," गोजरा म्हणाली.

"मना नाय उतराचा."

"मंग काय, परत दिल्लीला जाल?"

"जाईन."

आता काय कपाळ फोडून घ्यायचं! रडावं म्हटलं तर गोजरात तेवढंही त्राण उरलं नव्हतं. मेक्सिकोतून निघाल्याला दुसरा दिवस. पाय सुजलेले, तोंडाला चव नाही, पाठीचं लाकूड झालेलं. आणि घर हाकेच्या अंतरावर आल्यावर नवऱ्यानं हे आरंभलं. चूक म्हणावी तर पोराची. कुंदन तिकडे मेक्सिकोत नोकरीला. आईबापाला हौसेनं बोलावलं, महिनाभर फिरवलं, आणि येतानाचं तिकीट काढलं ते दिल्लीवरून थेट नवी मुंबईचं. घराजवळ उतरतील, म्हाताऱ्यांचे हाल नकोत! दिल्लीत बोर्डावर नाव वाचलं तेव्हा नामदेवचा चेहरा उतरला, तो उतरलाच.

कारण याच विमानतळाखाली त्यांचं गाव गेलं होतं. सगळं गाव उठलं. गावदेवीसुद्धा नव्या वस्तीतल्या टाइल्सच्या देवळात जाऊन बसली. प्लॉट मिळाला, दोन मजली घर झालं, उपाशी कुणी मेलं नाही, खोटं कशाला बोला. पण घराला जेसीबी भिडला त्या दिवशी नामदेव सगळ्यांदेखत म्हणाला होता, "या जागंवर परत पाय ठेवाचा नाय." विमानतळ सुरू झालं तेव्हा अख्खी वस्ती बघायला धावली. हा घरात पंख्याखाली भिंतीकडे तोंड करून पडून राहिला.

"काका, प्लीज," विमानातली पोरगी म्हणाली. "व्हीलचेअर आलीये. क्लीनिंगवाले थांबलेत."

"दोन मिन्टं थांब गो बाय," गोजरानं तिला गप्प केलं. आणि का कोण जाणे, तिला तो टोपीवाला आठवला.

कुंदन त्यांना मायांचं जुनं शहर दाखवायला घेऊन गेला होता. माया म्हणजे तिकडचे मूळचे लोक. ऊन मी म्हणत होतं. आभाळाला टेकलेली दगडी देवळं आणि खाली फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी. टोपी घातलेला वाटाड्या फेलिपे सांगत होता, कुंदन त्याचं मराठी करत होता. हजार वर्षांपूर्वी इथं राजे होते, बाजार भरायचा, तारे बघून दिवसांचा हिशेब काढायचे. मग पाऊस हटला म्हणतात, लढाया झाल्या म्हणतात. नक्की काय झालं ते कुणाला सांगता येत नाही, पण शहर ओस पडलं. गोजराला निम्मं कळलं, निम्मं वाऱ्यावर गेलं. नामदेव पाय ओढत मागून येत होता.

"मंग लोकं गेली कुठं?" त्यानं पहिल्यांदाच तोंड उघडलं.

कुंदननं विचारलं. फेलिपे हसला. "मी आहे की. आमच्या घरात अजून तीच भाषा बोलतात. राजे गेले. मका पिकवणारी माणसं कुठं जाणार? इथंच आसपासच्या गावांत राहिली."

मग तो त्यांना देवळामागं झुडपांत घेऊन गेला. तिथं फलक नव्हता, फोटो काढणारं कुणी नव्हतं. नुसता दगडामातीचा बुटका ओटा. "ही साध्या माणसांची घरं. लाकूड आणि पाल्याची होती, म्हणून उरली नाहीत," तो म्हणाला, आणि ओट्यावर पाय ठेवण्याआधी त्यानं डोक्यावरची टोपी काढली. राजाच्या देवळापुढं काढली नव्हती. रात्री जेवताना नामदेव एवढंच बोलला, "टोपी काडली रं त्यानं."

गोजरा कण्हत वाकली आणि तिनं आपल्या पायांतल्या चपला काढल्या.

नामदेव बघत राहिला. त्यांच्या गावात वेशीच्या आत कुणी चप्पल घालत नसे. गावदेवीला चालत नाही म्हणायचे. बाजारातून येणारा असो की नवी नवरी, वेस आली की चपला हातात.

"इमानतलावर नका उतरू," गोजरा म्हणाली. "गावान उतरा. चला, दमलंय मी."

त्यानं पुढच्या खुर्चीची पाठ सोडली. मग वाकला, चपला काढल्या, आणि पूर्वी शेतावरून येताना धरायचा तशा काखेत धरून उठला.

व्हीलचेअर दोघांनीही नको म्हटली. चकचकीत फरशी पायांना गार लागत होती.

"आजी, चप्पल तुटली का?" व्हीलचेअरवाल्या मुलीनं विचारलं.

"नाय गो. आमचं गाव हाय."

मुलगी गोंधळून हसली. मोठ्या काचेपाशी नामदेव थांबला. बाहेर नजर पोचेल तिथवर सपाट.

"आपलं घर कुठं असंल वो?"

त्यानं उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. जन्मभर तो जागा सांगायचा ती डोंगरावरून. डोंगराच्या नाकासमोर विहीर, विहिरीच्या डाव्या अंगाला आपलं घर.

"डोंगरच काडला गो," तो म्हणाला. "कशावरून सांगू?" आणि शर्टाच्या बाहीनं त्यानं डोळे पुसले. गोजरालाही भरून आलं. सामान यायची वेळ झाली, तरी दोघं तिथंच उभी होती.

बाहेर लेक नमिता गाडी घेऊन आली होती. दुपारचं डांबर तापलं होतं. "बाबा, अनवाणी काय? पाय भाजतील! चपला घाला ना आधी."

"वेस आली का घालतंव."

"कुठली वेस, बाबा?"

नामदेवनं खांबांकडे, अडसरांकडे, वरून गेलेल्या पुलाकडे पाहिलं. गाव इथं संपलं म्हणावं असं काही दिसेना. तो गाडीत बसला, चपला मांडीवर ठेवल्या. नमिता वाटभर मेक्सिकोचं विचारत होती, गोजरा डोळे मिटून हूं हूं करत होती.

नव्या घराच्या दारात गाडी थांबली, तरी चपला त्याच्या मांडीवरच होत्या.