आमच्या विहिरीचं पाणी

लेक सातव्या महिन्यात घरी आली. जावई जहाजावर, तिकडे तिचं बघायला कुणी नाही. बाळंतपण इथेच, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. खोली रंगवली, पाळणा टांगला. बेटावर मूठभर घरं आणि सगळी म्हातारी माणसं, त्यामुळे बाळ येणार म्हटल्यावर सगळेच जमले. मी चहा टाकला.

लेकीने एक घोट घेऊन कप खाली ठेवला.

"आई, यात मीठ घातलंस?"

मला राग आला. आयुष्य गेलं चहा करण्यात, साखर कुठली आणि मीठ कुठलं एवढं कळतं मला. ह्यांनी तर कप रिकामाही केला होता. नर्सबाई म्हणाल्या, फक्कड झालाय. शहरात राहून पोरीची जीभ बिघडली, असं सर्वांचं मत पडलं.

संध्याकाळी ती भाजी करायला उभी राहिली. "मीठ किती घालू?"

"घालू नकोस. लागत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? दोनेक वर्षं मी घालतच नाही. चव हाताला असावी लागते."

तेवढ्यात हे बोलले. एरवी ह्यांचं तोंड फक्त घास घ्यायला उघडतं. "दुकानदारानेही मीठ ठेवणं बंद केलंय. कुणी मागतच नाही."

ते खरं होतं. नर्सबाईंनी रक्तदाबावर भाषण दिलं होतं, मीठ कमी करा म्हणून. गावाने मीठच सोडलं, तेव्हा त्यांचा सत्कार झाला. रक्तदाब मात्र कुणाचाच उतरेना, म्हणून त्यांनी मशीन दुरुस्तीला पाठवलं होतं.

समुद्र वर येतोय हे काय आम्हाला दिसत नव्हतं? किनाऱ्याची झाडं गेली, धक्का दोनदा उंच केला. पण समुद्र विहिरीत उतरलाय हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मी उकळून पिईन," लेक म्हणाली. तिलाही राहायचंच होतं.

नर्सबाईंना विचारलं. "उकळून मीठ जात नाही," त्या म्हणाल्या. "पोटुशीला हे पाणी नकोच." मग रक्तदाबाची वही काढून पानं उलटत बसल्या. सत्कार आठवला असावा.

मी हट्टाला पेटले. लेकीच्या बाटलीत तिकडचं पाणी उरलं होतं. म्हटलं, बघू तरी असं काय सोनं लागलंय त्याला. घोट घेतला. अळणी लागला. तसं बोलणारही होते, पण पाण्याला कुणी अळणी म्हणतं का? मग रडू आलं ते आवरेना.

सकाळी धक्क्यावर जाऊन, पलीकडून रोज येणाऱ्या लाँचवाल्याला दोन जागा ठेवायला सांगितलं.

"बाळाला घेऊन कधी येणार, मावशी?"

"इथे आणून काय पाजू त्याला?"

तो मान खाली घालून दोर गुंडाळत राहिला. त्याच्या पायाशी पाण्याचा कॅन होता. रोज असतो.

"तू पाणी घरून आणतोस?"

"हो. इथलं खारट लागतं मला. बरेच दिवस झाले."

"मग बोलला का नाहीस रे?"

"तुम्ही रोज एवढ्या प्रेमाने चहा देता, मावशी. कसं बोलायचं?"