शेपटाकडची गोणी

आमच्या ताहिरनी आयुष्यात बर्फ पाहिला तो मासळीच्या पेटीतला. तरी गेल्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केलं, की जावयासाठी बर्फावरून घसरायचा स्नोबोर्ड आपण स्वतः, हाताने करणार.

जावई अजून व्हायचा होता. नुमान. माणसं मूळ श्रीवर्धनकडची, पण मुलगा वाढला कॅनडात, बर्फाच्या डोंगरांशेजारी. त्याची आई खदिजाबाय फोनवर मला म्हणाली होती, "आम्हाला काही म्हणजे काही नको हां, मुनीराबाय. मुलगी द्या, खलास." समोरच्याने असं म्हटलं की आमच्या घरात जास्तच पंचाईत होते.

मंगनी, म्हणजे साखरपुडा, रविवारी ठरली होती, बहरीनमध्ये जिदहफ्सला आमच्याच घरी. अजरा, आमची लेक, बँकेत काम करते. तिने बाब अल बहरीनजवळच्या एका दुकानात नुमानसाठी घड्याळ हेरून ठेवलं होतं.

"अब्बा, प्लीज. त्याच्याकडे रियल बोर्ड आहे, कंपनीचा. त्याच्यासमोर तुम्ही लाकडाची फळी ठेवणार?"

"फळी नाही," ताहिर म्हणाले. "सात फळ्या. एकावर एक."

अजराने माझ्याकडे पाहिलं. मी सुईत दोरा ओवत होते, तो ओवतच राहिले.

तिला जे दिसत नव्हतं ते मला दिसत होतं. एकतीस वर्षं या माणसाने बहरीनमध्ये सुतारकाम केलं. मजलिसची, म्हणजे बैठकीच्या दालनाची बाकं केली, ज्यांच्या आत आपल्याला कुणी बोलावणार नाही अशा घरांचे दरवाजे केले. मग कारखान्यात कापायचं यंत्र आलं. आता ते बटण दाबतात. संध्याकाळी घरी आले की हात धुतात, आणि धुण्यासारखं हातांना काही लागलेलंच नसतं. हा बोर्ड जमला नाही तर ते पुन्हा रंधा हातात घेणार नाहीत, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. मला ते कळत होतं.

मोबाइलवर पाहून पाहून दोघं शिकलो. मी शिवणही तशीच शिकले, त्यामुळे मला त्यात कमीपणा वाटत नाही. बोर्डची उंची माणसाच्या हनुवटीपर्यंत हवी, असं कळलं. ताहिरनी सहज विचारलं, "अजरा, नुमानची हनुवटी कुठवर येते गं?"

"इथे," म्हणून तिने पटकन डोक्यावर हात ठेवला, अगदी नेमका. मग काय केलं ते कळलं आणि लाल होऊन आत पळाली. ताहिरनी तेवढ्यात मोजपट्टी लावून घेतली होती.

पातळ फळ्यांना गोंद लावून त्या साच्यावर दाबून ठेवायच्या, म्हणजे दोन्ही टोकं वर वळलेली राहतात. दाबायला शिकंजे हवेत, आणि कारखान्यातले सगळे शिकंजे एका ऑर्डरमध्ये अडकलेले. पण मंगनीसाठी आणि पुढच्या सहा महिन्यांसाठी मिळून घरात बासमतीच्या पाच गोण्या आल्या होत्या, वीस-वीस किलोच्या. शुक्रवारी पहाटे फजरच्या नमाजानंतर ताहिरनी हॉलच्या कोपऱ्यात साचा मांडला, फळ्या रचल्या, वर ओळीने पाच गोण्या ठेवल्या आणि त्यावर माझी चांगली चादर घातली.

"उद्या सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही."

"मी कशाला लावू?" मी म्हटलं, आणि तेव्हा ते खरंच होतं.

अकराच्या सुमारास फोन वाजला. "मुनीराबाय, आम्ही पोचलो की! उद्याच्या विमानाचं काहीतरी झालं, आजच बसवलं आम्हाला. सहाजण आहोत. जेवायचं काही करू नका हां."

ताहिर आणि अजरा दोन गाड्या घेऊन विमानतळाकडे धावले. मी डब्यात पाहिलं. तांदूळ दोन वाट्या. कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरवाल्या वाण्याने जुम्याच्या नमाजासाठी शटर ओढलेलं. पाहुणे पहिल्यांदा दारात येणार, आणि मी त्यांना काय, पाव वाढू?

मी चादर उचलली. शेपटाकडची, म्हणजे बोर्डच्या मागच्या टोकावरची गोणी घेतली. तिच्या जागी पिण्याच्या पाण्याची वीस लिटरची बाटली उभी केली. वीस गेले, वीस आले. मला फार हुशार वाटलं. बिर्याणीला दम लागल्यावर गोणी शिवून पुन्हा जागेवर ठेवली, चादर ओढली. दोन तासांचा खेळ. पाहुणे जेवले, खदिजाबायने दोनदा घेतलं, आणि मंडळी ईसा टाउनला त्यांच्या नातेवाइकांकडे उतरायला गेली.

शनिवारी सकाळी ताहिरनी गोण्या उतरवल्या. बोर्ड जमिनीवर ठेवला, एक डोळा मिटून त्याच्याकडे पाहिलं. मग दुसरा मिटून पाहिलं. शेपूट एका बाजूने उचललेलं होतं, बोटभर. पीळ पडला होता.

फळ्या मोजल्या. साच्यावर पट्टी ठेवली. गोंदाचा डबा वाचला, चष्मा लावून, अक्षर अन् अक्षर. मग खाली बसले आणि दोन्ही हात मांडीवर उलटे करून बघत राहिले.

"घड्याळच द्या," म्हणाले. "हात गेले माझे."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"हात नाही गेले. बिर्याणी झाली."

"काय?"

"काल. ही शेपटाकडची गोणी मी काढली होती. पाण्याची बाटली ठेवली होती बदली. वजन तेवढंच होतं, अहो! मोजून!"

आता एकतीस वर्षांत न ऐकलेलं ऐकायला मिळणार, अशी मी तयारी केली.

"बाटली कुठे ठेवलीस? मधोमध?"

"डाव्या कडेला. तिथे बरी उभी राहत होती."

"गोणी पसरते," ते सावकाश म्हणाले. "बाटली एका जागी दाबते. म्हणून उजवी कड उचलली." परत बोर्डकडे पाहिलं. या वेळी दोन्ही डोळे उघडे ठेवून. "म्हणजे बाकीचं सगळं बरोबर आहे."

"बाकीचं सगळं बरोबर आहे."

"गोंद पण?"

"गोंद पण."

"मूर्ख बाई," ते म्हणाले, इतक्या प्रेमाने की मला आत जाऊन कांदे चिरावे लागले.

दिवसभर ते रंधा, कानस, पॉलिश पेपर घेऊन बसले. घरभर भुसा. संध्याकाळी त्यांनी हात धुतले तेव्हा बेसिनमध्ये तपकिरी पाणी गेलं. बोर्डवर पाय अडकवायचे पट्टे मी शिवले, दुहेरी टाके घालून.

रविवारी घड्याळ अजराच्या पर्समध्ये तयार होतं. ताहिरनी पाहुण्यांसमोर बोर्ड ठेवला आणि आधीच सांगून टाकलं, "हा डावीकडे ओढणार. शुक्रवारी तुम्ही बिर्याणी खाल्लीत, तिचा परिणाम."

सगळी गोष्ट ऐकून खदिजाबायने कपाळावर हात मारला. "या अल्ला! आणि मी दोनदा घेतलं!"

नुमानने बोर्ड उभा केला. बरोबर हनुवटीला लागला. "अंकल, माझं माप कसं मिळालं?" त्याने अडखळत मराठीत विचारलं. अजरा घाईघाईने शरबत आणायला गेली.

सोमवारी सगळे सखीरच्या वाळवंटात गेलो. बर्फ नाही तर वाळू. बोर्ड घसरावा म्हणून खालून मेणबत्ती घासली, नुमान उंचवट्यावरून सुटला, डावीकडे वळला आणि पडला. पुन्हा गेला, पुन्हा डावीकडे. चौथ्यांदा पडल्यावर अजरा हसून हसून वाळूत बसली. ताहिर मात्र हसले नाहीत.

"यल्ला, चल, उतर," ते नुमानला म्हणाले. चपला काढल्या, माझ्या पट्ट्यांत पाय अडकवले.

"अहो, अठ्ठावन्न वर्षांचे आहात तुम्ही!"

"ढकल."

"डावीकडे ओढेल तो!"

"मला माहीत आहे ना कुठे ओढेल," ते म्हणाले. "मी आधीच उजवीकडे झुकतो."

मी ढकललं. हात पसरून, उजव्या अंगाला जरासे कलून, माझा नवरा सरळ खाली गेला. रेषा मारल्यासारखा. तळाशी जाऊन थांबला, आणि पडला नाही.

नुमान बोर्ड आणायला धावत खाली गेला. वरून मला दिसत होतं, ताहिर त्याच्या खांद्याला धरून त्याला कलायला शिकवत होते. अजराने पर्समधून घड्याळाची डबी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि माझ्याकडे दिली.

"अब्बांना होईल का गं मनगटात?"

"होईल," मी म्हटलं. "पण आज नको. आज हात मोकळे असू देत."