नालेखालची भेग

तुटलेल्या दांड्याच्या कडेला, जिथे घोड्याची नाल वेल्ड केली होती तिच्या बरोबर खाली, तांदळाच्या दाण्याएवढा काळपट डाग होता. तुटल्या जागेचा बाकीचा पृष्ठभाग साखरेसारखा चकाकत होता. त्यावरच्या बारीक, बाणासारख्या रेषा एकजात त्या डागाकडे वळलेल्या; भेग तिथूनच सुरू झाली होती. हर्षालीने भिंग खाली ठेवलं.

तिचे चुलते, बेल्ह्यात ट्रॉल्या बनवणारे दादाभाऊ, कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या स्टुलावर आखडून बसले होते. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायच्या प्रत्येक दांड्यावर ते नाल लावत, दृष्ट लागू नये म्हणून. तसलाच हा दांडा आण्याच्या घाटात तुटला आणि ट्रॉली कांद्यासकट ओढ्यात जाऊन बसली. तेव्हापासून बाकीच्या दांड्यांचं विचारलं की काकांचं "बघू, बघू" चाललं होतं. रविवारी त्यांच्याच ट्रॉल्यांतून बायापोरं यात्रेला निघणार होती.

"वेल्डिंगवर पाणी ओतता?"

"मग? गिऱ्हाईक उभं असतंय. रंग काय गरमागरम मारू?"

"भंगारातलं कडक पोलाद, त्यात वरून पाणी. नालेखाली त्याची काच झाली, काका."

"काच म्हणं. ट्रॉलीभर कांदा वढतंय ते. तुझा प्राध्यापक वढंल का?"

"ओढेल. झटका सोसणार नाही."

"कोण, प्राध्यापक?"

"दोघंही."

तिने त्याच दांड्यातून कापलेले, मधे खाच पाडलेले दोन तुकडे दाखवले. नालेपासून लांबचा तुकडा आधी यंत्रात ठेवला आणि वरचा जड हातोडा सोडला. धप्प. तुकडा वाकून, पिळवटून फाटला. तोडायला लागलेली ऊर्जा दाखवणारा काटा बेचाळीस ज्यूलवर थांबला.

मग नालेखालचा. टिक् झालं. वाटेत कुणी नव्हतंच अशा थाटात हातोडा पलीकडे गेला. काटा चारवर.

काकांनी त्याचे दोन्ही अर्धे भाग उचलून जोडून पाहिले. कुठे वाक नाही, फट नाही.

"वडलांपासूनची नाल हाय ही. घाटात कुणाला खरचटलं का?"

"ट्रॉलीत कांदे होते. कांद्यांना कोण विचारतं?"

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. ओढ्यात गेलेल्या ट्रॉलीचा मालक, आणे गावचा पप्पू.

"काय राव दादाभाऊ, तुमच्या नालेलाच दृष्ट लागली व्हती का? रविवारी भावाची ट्रॉली न्यायची म्हणतोय. तीबी तुमचीच. बसवू ना माणसं?"

काकांनी तुकडे टेबलावर ठेवले.

"नगं बसवू. माझ्या समद्या ट्रॉल्या माघारी घेतोय मी. दांडे नवे टाकतो, बिननालेचे."