पोत्यात राहिलेले ब्रेक

मित्रांनो, मी एक जुनी, दोन दारांची हेरल्ड मोटार आहे. जळगावच्या एका डाळमिलच्या मागे, कडुनिंबाखाली, चार विटांच्या थरांवर मला उभी करून ठेवली आहे. माझ्या गादीवर तुरीची चुणी साचली आहे आणि मागच्या काचेशी एका मांजरीने बिऱ्हाड केलं आहे. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात म्हणे. मला उसासे येत नाहीत. मला राग येतो. तो कशाचा, ते ऐका.

माझा जन्म मद्रासच्या कारखान्यात झाला. चौसष्ट साली मदनलालशेठांनी मला इथे आणलं. रंग आकाशी. माझं बॉनेट इतर गाड्यांसारखं नुसतं वर होत नाही. दिव्यांसकट पुढे कलंडतं, अख्खं तोंडच वासतं म्हणा ना! मिलचे हमाल ते बघायला पोती टाकून येत. पाच वर्षं मी शेठजींना जामनेरच्या बाजाराला नेलं, सोयऱ्यांच्या लग्नांना नेलं. त्यांची सून कुसुमलता हिला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेलं ते मीच. येताना तिच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेला एवढासा गोळा होता. त्या दिवशी मी त्यांना इतकं सांभाळून आणलं, की घर येईपर्यंत बाळाची झोप मोडली नाही. मला तेवढी चाल पुरेशी होती.

शेठजींचा मुलगा अभयकुमार, म्हणजे कुसुमलतेचा नवरा, मुंबईला शिकून आला होता. तिथे त्याने माझी विलायती बहीण पाहिली. उघड्या टपाची, दोघांपुरती, शर्यतीत धावणारी. आम्हा दोघींचा सांगाडा एकाच घराण्यातला. झालं, तेव्हापासून मी त्याला बेंगरूळ दिसू लागले. एकोणसत्तरच्या पावसाळ्यात तो मुंबईच्या भंगारबाजारातून तशाच एका मोडलेल्या बहिणीचे भाग घेऊन आला. जोडीचे दोन कार्ब्युरेटर, कॅमशाफ्ट, धुराचा जाड नळ आणि पुढच्या चाकांचे चकतीचे ब्रेक. सगळं दोन पोत्यांत भरलेलं.

काम आधार मिस्त्रींनी घेतलं. पेचकसाची लाकडी मूठ कानाला लावून ते इंजिनाचं आतलं बोलणं ऐकत. त्यांनी आधी ब्रेकचंच पोतं उघडलं.

"अभयशेठ, आधी थांबायचं बसवू, मग पळायचं."

"अरे आधार, ब्रेक कोणाला दिसतात? दसऱ्याला धुळ्याचे पाहुणे येणार. आवाज झाला पाहिजे, आवाज!"

मिस्त्रींनी पुष्कळ समजावलं. पण गाडी त्याची, हुकूम त्याचा. अष्टमीपर्यंत इंजिनाचं काम पुरं झालं. मी गुरगुरू लागले. खरं सांगते, मलाही थोडा गर्व झाला.

नवमीला सकाळी मिस्त्री ब्रेक बसवायला आले, तर अंगणात पाट मांडलेला. मिलमधले पाने, हातोडे, तराजू सगळे धुऊन, हळदकुंकू लावून, झेंडूखाली बसवलेले. खंडेनवमी! त्या दिवशी हत्यारं पूजेत असतात, त्यांना कामाला लावत नाहीत.

"आज लोखंडाला हात नाही लावायचा," शेठजी म्हणाले.

"शेठजी, मी बुद्धाचा माणूस. माझे पाने पूजेला बसत नाहीत. दुपारपर्यंत उरकतो. रात्रीच्या गाडीने मी नागपूरला चाललो, दीक्षाभूमीवर. तेरवा सकाळीच येईन."

"पाने तुझे असतील. अंगण तर माझं आहे ना?"

मिस्त्रींनी आपले पाने गुंडाळून ठेवले. मग अभयकुमारकडे वळून म्हणाले, "मग मी येईपर्यंत गाडी हलवू नका. ताकद वाढली आहे, ब्रेक जुनेच आहेत, त्यांचे लायनर झिजलेत. शब्द द्या."

"दिला, बाबा, दिला!"

दाराशी कुसुमलता बाळाला केळं कुस्करून भरवत होती. तिने सगळं ऐकलं. मिस्त्रींनी ब्रेकचं पोतं माझ्या डिकीत ठेवलं आणि ते गेले.

दसऱ्याला धुळ्याचा कांतीलाल आला, अभयकुमारचा आतेभाऊ. माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "भाया, आवाज तर मोठा आहे. चालते का नुसती ओरडते?"

पुरे! दिलेला शब्द तेवढ्यावर मोडला. अभयकुमार म्हणाला, "चला, सीमोल्लंघन करून येऊ." कुसुमलतेलाही बसायला सांगितलं. ती बाळाला पोटाशी धरून म्हणाली, "याचं अंग कोमट लागतंय. मी नाही येत." बाळ ठणठणीत होतं, मित्रांनो. त्या खोटेपणाला मी आजही हात जोडले असते, हात असते तर.

धुळ्याच्या रस्त्याला मी अशी सुटले की कडेच्या बाभळी एकमेकींत मिसळल्या. पुढे रेल्वेचं फाटक पडलेलं. फाटकाशी एक बैलगाडी उभी. गाडीवान गिरधर खाली उतरून बैलांच्या मानेवरून हात फिरवत होता. अभयकुमारने ब्रेकवर पाय दिला. मग दोन्ही पाय दिले. मी चाकं आवळली, जळक्या वासाने माझा जीव घुसमटला, पण माझ्यात थांबायची ताकदच नव्हती. "थांब रे भाऊ, थांब!" गिरधर ओरडला. मी मागून बैलगाडीवर आदळले. बैल वाचले. गिरधरचा पाय बैलगाडीच्या चाकाखाली मोडला. अभयकुमारच्या कपाळाला सात टाके पडले. कांतीलालला खरचटलंसुद्धा नाही.

मला दोरखंड बांधून, बैल जुंपून मिलमध्ये ओढत आणलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंचनामा. आधार मिस्त्री स्टेशनावरून थेट आलेले, हातात पिशवी. झुलाल हवालदार कागद काढून बसला.

शेठजी म्हणाले, "लिहा. या मिस्त्रीने नवे ब्रेक बसवले, ते निकामी निघाले."

"मी बसवलेच नाहीत, शेठजी! तुम्हीच हात लावू दिला नाही!"

"ऐका. आता हा शेठला खोटं पाडतो," शेठजी हवालदाराला म्हणाले.

हवालदाराने दरडावलं, "ए, गुमान उभा ऱ्हाय."

सगळ्यांनी अभयकुमारकडे पाहिलं. तो खोटं बोलला नाही. तो नुसता खाली बघत राहिला. मित्रांनो, त्याच्या वेगाचा मला इतका राग नाही, जितका त्या खाली बघण्याचा आहे. एका माणसाचा हात, त्याचं नाव, त्याची भाकरी त्या कागदावर चालली होती, आणि खरं ठाऊक असलेला माणूस आपल्या चपला मोजत होता! मला ओरडायचं होतं. पण माझं तोंड चेपलेलं आणि हॉर्न मुका.

तेवढ्यात कुसुमलता बाहेर आली. डोक्यावर पदर, कडेवर बाळ.

"बींदणी, आत जा," शेठजी सुनेला म्हणाले.

ती थांबली नाही. एका हाताने तिने माझी डिकी उघडली. "हवालदार, हे पोतं सोडून बघा."

झुलालने सुतळी सोडली. तेलकट कागदात गुंडाळलेल्या दोन चकत्या बाहेर आल्या.

"हाई काय शे?"

"नवे ब्रेक," ती म्हणाली. "आधारभाऊ नवमीला बसवायला आले होते. बाबूजींनी नको म्हटलं. यांनी गाडी न हलवायचा शब्द दिला होता. मी दारात होते."

"बींदणी, आत जा म्हटलं ना!"

"जाते. आधी हवालदारांचं लिहून होऊ द्या."

बाळ तिचा पदर ओढत होतं. पण हवालदाराने शेवटची ओळ लिहीपर्यंत ती माझ्या पत्र्याला टेकून उभी राहिली. मग आत गेली. आधार मिस्त्रींनी पिशवी उचलली आणि ताठ मानेने फाटकाबाहेर पडले. त्या घराने त्यांना पुन्हा बोलावलं नाही. मलाही कोणी दुरुस्त केलं नाही. साक्षीदाराला कोण नीट करतो?

मित्रांनो, आम्हा गाड्यांना पुसा, तेलपाणी करा, हे तर करालच. पण ज्याच्या हाताला आमचं तेल लागलेलं असतं, त्याचं आधी ऐका. आणि तुमच्यासमोर कोणाच्या माथी खोटं मारलं जात असेल, तुम्हाला "आत जा" म्हणत असतील, तर जा. पण खरं सांगून जा.